चार्ज देताना

हे बघ गोरख, आधी प्लगची वायर काढायची.
पात्याला हात नंतर.
एवढं एक विसरलास
तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

अकरा एकर. म्हणजे कागदावर अकरा,
कांजूरकडची भिंत पडल्यापासून कुणी मोजलेलं नाही.
रंगाची कंपनी बंद होऊन एकोणीस वर्षं झाली,
केस कोर्टात आहे, मालक कुठे आहे विचारू नकोस.
गवत मात्र तारखा मागून घेत नाही.
दिवाळीला कमरेएवढं,
शिमग्यापर्यंत नुसता कागद,
आणि भिंतीपलीकडून कुणाची तरी एक विडी.
म्हणून ती नोटीस. म्हणून हे यंत्र.

घ्यायला मी आणि इनास नागदेवी स्ट्रीटला गेलो होतो.
हकीमुद्दीनशेठनं आधी लाल चकचकीत दाखवलं,
बारकी चाकं, मागे पिशवी.
इनास उकिडवा बसला, पत्र्यावर टिचकी मारली,
म्हणाला, शेठ, हे बंगल्यातलं गवत कापतं.
आमच्या गवतात काय काय आहे ते गवतालाच माहीत.
शेठ हसला, पोऱ्याला मागच्या गाळ्यात पाठवलं.
मग हे आलं. मागची चाकं मोठी, पत्रा जाड,
रंग दुकानातच उडालेला.
मी एवढंच विचारलं, फिल्टर भांडुपला मिळेल का?
जे स्टेशनबाहेर मिळत नाही
ते आपलं नाही.

आता धूळ.
शेजारी काँक्रीटचा प्लांट, पलीकडे मेट्रोचं खोदकाम,
मार्चमध्ये ओठ चाटले तरी सिमेंट लागतं.
माणूस खोकतो, कळतं.
हे खोकत नाही, मुकाट काळा धूर सोडतं
आणि एक दिवस पिस्टन धरून बसतं.
म्हणून स्पंज रोज धुवायचा.
साबणाच्या पाण्यात. पिळायचा नाही, दाबायचा.
सावलीत वाळला की तेल,
घडीच्या पोळीला लावतात तेवढंच.
आडवं करशील तेव्हा कार्बोरेटर वर.
खाली केलास तर तेल फिल्टरात, आणि अख्खा दिवस फुकट.

पातं जमिनीपासून चार बोटं.
साहेब येतात, म्हणतात, अजून बारीक करा.
हो म्हणायचं.
पातं चार बोटंच ठेवायचं.
प्लांट भंगारात गेला, पायाचे बोल्ट जमिनीतच राहिले.
चुना मारलाय तिथे विळ्यानं, बसून.

बॉयलरच्या मागे एकदा ठण्ण झालं.
इंजिन जागच्या जागी बंद.
पितळी बिल्ला निघाला, हजेरीचा.
चारशे, आणि पुढचा आकडा पात्यानं नेलेला.
चारशेचे म्हणजे पॅकिंगवाले.
इनास भर उन्हात तो तळव्यावर घेऊन बसला,
एकेक नाव घेत,
हा असेल, हा नसेल, हा तर डबलपाळी सोडायचाच नाही.
जमलं नाही. खिशात टाकला.

पात्याच्या एका टोकाला खाच पडली होती.
कानशीनं घासली, मग खिळ्यावर टांगून पाहिलं.
जे टोक खाली जातं ते जड.
तर दुसरं टोक, ज्याला काहीच झालं नव्हतं,
तेही तेवढंच घासावं लागतं,
नाहीतर हादरे बसतात थेट खांद्यापर्यंत.
इनास सव्वीस वर्षं फिटर. त्याला हे माहीत होतं.
तरी कानस त्यानं माझ्या हातात दिली
आणि पाणी प्यायला गेला.

आणि ही चावी. एवढीशी, शाफ्टवर बसते.
मुद्दाम मऊ धातूची.
दगड लागला की ही तुटते, शाफ्ट वाचतो.
डब्यात सात आहेत. थांब, सहा.
डबा इनासचा आहे, झाकणावर नाव आहे.
राहू दे नाव.

वायर लाव. पेट्रोल बघ.
आता दोरी. तशी नाही, झटका नको.
हळू घे, अडेल तिथपर्यंत.
अडलं?
आता ओढ.